डावीकडचं शून्य

मेश्राम मॅडमच्या तोंडून चटकन 'हो' आलेलं मी कधी ऐकलं नाही. चहा घेणार का, असं विचारलं तरी आधी "कोणी केलाय?" हा प्रश्न यायचा. एकत्र सिनेमाला जायचं ठरलं तर "काहून?" विचारायच्या. हा त्यांचा भंडाऱ्याकडचा 'काहून' आमच्या ऑफिसात इतका रुळला की पुढे पुढे आमचा शिपाईसुद्धा पत्र पोचवायला सांगितलं की "काहून?" म्हणायला लागला. फरक एवढाच, की तो गमतीने म्हणायचा. मॅडमना खरोखर कारण हवं असायचं.

आमचं ऑफिस शनिवार पेठेत होतं. औषधांचा घाऊक व्यापार. कारखान्यांकडून माल यायचा, कसबा पेठेतल्या गोदामात उतरायचा आणि तिथून शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या मेडिकल दुकानांना, नर्सिंग होमना जायचा. मी ऑर्डरच्या टेबलावर होते. दिवसभर कानाला फोन आणि समोर वही. नव्वदनंतरची ती वर्षं. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून यायचं आणि आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच होता, की दर महिन्याला नव्या कंपनीची नवी औषधं येत होती आणि वह्या पुरत नव्हत्या. शेवटी आमच्या मोठ्या साहेबांनी संगणक घ्यायचं ठरवलं आणि तो चालवायला मेश्राम मॅडमना नेमलं.

त्या आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. सुती साडी, पायात बाटाच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत विटेएवढी जाड तीन पुस्तकं. आमच्याकडे जोगळेकर म्हणून विक्रीप्रमुख होते. त्यांनी पुणेरी पद्धतीने, अगदी अदबीने सुरुवात केली.

"मेश्राम म्हणजे आपण मूळच्या कुठल्या?"

"भंडाऱ्याच्या."

"हो, पण म्हणजे..."

"बौद्ध," मॅडम म्हणाल्या. "आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. वडील पोस्टात होते. मिस्टर खडकीच्या कारखान्यात आहेत. कर्वेनगरला दोन खोल्या भाड्याने आहेत. अजून काही राहिलं असेल तर आत्ताच विचारून घ्या, कारण एकदा मशीन सुरू झालं की मला वेळ नसतो."

जोगळेकरांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर त्यांनी मॅडमना खासगी प्रश्न कधी विचारला नाही.

मशीन म्हणजे कपाटाएवढं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती टेबलाखाली मावेल अशी राखाडी पेटी होती. तिला आठ वायरी जोडलेल्या आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक पडदा आणि एक कीबोर्ड. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. "पेटी एकच. तिच्याशी आठ माणसं एकाच वेळी बोलणार," मॅडमनी मला समजावलं. "आत युनिक्स आहे. कोणी काय विचारलं, कोणाला काय दाखवायचं, कोणाला हात लावू द्यायचा नाही, हे ते ठरवतं. म्हणजे मी ठरवते आणि ते पाळतं."

ते पाळायचं आणि आम्हालाही पाळायला लावायचं. दर माणसाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा परवलीचा शब्द. दुसऱ्याच्या नावाने काम केलेलं सापडलं, तर मॅडम सगळ्यांसमोर विचारायच्या, "तुम्ही दुसऱ्याच्या नावाने मतदानही करता काय?" नोंद एकदा झाली की पुसायची नाही. चूक झाली तर खाली दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, आणि तिच्यापुढे आपलं नाव आपोआप उमटायचं. एकदा एका हॉस्पिटलला माल दोन दिवस उशिरा गेला. जोगळेकर मॅडमकडे आले. रवाना झाल्याची तारीख तेवढी दोन दिवस मागे घ्या म्हणाले.

"घेता येणार नाही."

"अहो, येत नाही की घेत नाही?"

"येते. घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्ती तुम्ही करा की. कारण लिहा, खाली तुमचं नाव येईल."

जोगळेकर मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब हसले म्हणे. "मी तिला त्यासाठीच ठेवलंय," असं म्हणाले.

पहिल्या दसऱ्याला आणखी एक प्रकरण झालं. आम्ही बायकांनी पेटीची पूजा करायची ठरवलं. हळद, कुंकू, हार, नारळ, सगळं ताटात. मॅडम दारातच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या देवाधर्मावरून बोलणार. तसं काही नाही. त्यांनी ताट पाहिलं आणि म्हणाल्या, "हार चालेल. शेजारच्या खुर्चीवर घाला. कुंकू आणि पाणी आत येणार नाही. यंत्राला हवा लागते, भक्ती लागत नाही." मग आम्ही खुर्चीला हार घातला. त्या वर्षी आमच्या ऑफिसात खुर्चीची पूजा झाली हे मी आजही कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

विक्रेते सारखे यायचे. दर दीड-दोन वर्षांनी कोणीतरी टाय लावलेला माणूस येऊन सांगायचा की युनिक्स आता संपलं. आधी म्हणाले, प्रत्येक टेबलावर स्वतंत्र पीसी ठेवा आणि मधल्या सर्व्हरवर फक्त फाइली ठेवा. मग म्हणाले, ते जुनं झालं, आता सर्व्हरवरही चित्रं आणि माउस. मॅडम प्रत्येकाला बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि एकच गोष्ट विचारायच्या: "चालू असताना वीज गेली तर अर्धवट नोंदीचं काय होतं, ते दाखवा." बहुतेक जण माहितीपत्रक दाखवायचे. मॅडम भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवायच्या.

पण त्या जुन्याला कवटाळून बसल्या होत्या असं जे ऑफिसात बोललं जायचं, ते खरं नव्हतं. मी त्यांच्या घरी एकदा गेले होते. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी जुन्या पीसीवर युनिक्सच्याच वळणाचं, फुकट मिळणारं लिनक्स चढवलं होतं आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी ते मशीन चालू होतं. "हे बघा कुंदाताई," त्या लहान मुलीसारख्या हरखून म्हणाल्या, "हे कोणीही उघडून आत बघू शकतं. कोणाच्या परवानगीची गरज नाही." त्यांच्या तोंडून एखाद्या गोष्टीचं इतकं कौतुक मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वरण उतू गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मग मोठ्या साहेबांची तब्येत बिघडली आणि कारभार अभयसाहेबांकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे आला. माणूस वाईट नव्हता. बाहेर शिकून आला होता, घाईत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऑफिस दाखवताना हिरव्या अक्षरांची त्याला लाज वाटायची. "म्युझियममध्ये काम करतोय आपण," असं म्हणायचा. त्याने एका संगणक कंपनीला नव्या सर्व्हरचं काम दिलं. चित्रं, माउस, रंगीत पडदे, सगळं. मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. त्यांची अट एकच होती: तीन महिने जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं, दोन्हींचे आकडे जुळले की मगच जुनं बंद.

तिसऱ्या आठवड्यातच अभयसाहेबांचा धीर सुटला. एका दुपारी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. नव्या कंपनीचे साळवी म्हणून गृहस्थ आले होते. टेबलावर कागद होता: नवी प्रणाली तपासली, समाधानकारक आढळली. खाली सहीची जागा.

मॅडमनी कागद वाचला आणि सरकवून परत दिला.

"हे समाधानकारक नाही. बॅच नंबरची डावीकडची शून्यं गेली आहेत."

बॅच नंबर म्हणजे औषधाच्या प्रत्येक घाण्याला कारखाना देतो तो क्रमांक. मॅडमनी एक उदाहरण आणलं होतं. एकाच सलाइनच्या बाटल्या आमच्याकडे दोन कारखान्यांतून यायच्या. एकाचा नंबर ४१७. दुसऱ्याचा ०४१७. जुन्या पेटीत ही दोन वेगळी नावं होती. नव्यात आणताना साळवींच्या माणसांनी त्यांना आकडे समजून घेतलं. ०४१७ चे झाले ४१७, मग एकच नंबर दोनदा आला म्हणून त्यातल्या एकाच्या जुन्या नोंदी गाळल्या.

साळवी मोकळेपणाने हसले. "मॅडम, डावीकडच्या शून्याला काही किंमत नसते हो. पहिलीतला पोरगाही सांगेल."

सगळे हसले. मीही हसले, हे लिहून ठेवते.

"पहिलीतल्या पोराला औषध विकायचं नसतं," मॅडम म्हणाल्या. "गणितात नसेल किंमत. बाटलीवर असते. तुमची प्रणाली चांगली आहे, तिला मी नावं ठेवत नाही. तुम्ही सामान हलवताना फोडलंय, ते जोडून द्या. महिना लागेल. मग सही करते."

"महिना नाहीये आपल्याकडे," अभयसाहेब म्हणाले. "सोमवारपासून नवं सुरू. मॅडम, सही करा. पुढचं पुढे बघू."

"नाही."

"ही विनंती नाहीये."

"माझंही उत्तर विनंतीला नव्हतं."

मॅडमनी पिशवीतून कागद काढला. सही का करत नाही, हे त्यांनी आधीच मुद्देसूद लिहून आणलं होतं, दोन प्रतींत. एक अभयसाहेबांपुढे ठेवली आणि दुसरीवर पोच मागितली. पोच मिळाली नाही. मग त्या खाली आवक विभागात गेल्या, तिथल्या कारकुनाकडून शिक्का मारून घेतला आणि जागेवर येऊन बसल्या.

साळवींना मात्र कोणाची तरी सही हवीच होती. प्रणाली वापरणाऱ्यांपैकी ज्येष्ठ म्हणून अभयसाहेबांनी मला बोलावलं. माझे यजमान तेव्हा घरी बसून होते, त्यांचा कारखाना बंद पडला होता. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं, आजही तेच देते. कागद न वाचता मी सही केली.

मॅडमना असहकार्याबद्दल मेमो मिळाला आणि त्यांची बदली कसबा पेठेतल्या गोदामात झाली. काम काय, तर खोकी मोजून घेणे. जुनी पेटीही त्यांच्याबरोबरच गेली, भंगारवाल्याला द्यायला. त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं.

"मॅडम, माझी परिस्थिती..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. "पुढच्या वेळी निदान वाचून सही करा."

दीड-दोन महिन्यांनी कुठल्याशा कामाने मी गोदामात गेले. बोळात हातगाड्या अडकलेल्या, शेजारच्या तांबटाची ठोकठोक चालू, आणि आत खोक्यांच्या भिंतीमागे हिरवा उजेड. मॅडमनी पेटी भंगारात दिलीच नव्हती. एक पडदा, एक कीबोर्ड आणि जुना प्रिंटर जोडून ती चालू केली होती. गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक मालाबरोबर कागद जायचा, त्याची एक प्रत गोदामात राहायची. रोज दुपारी जेवण झालं की त्या प्रतींवरून त्या सगळ्या नोंदी पेटीत भरत होत्या.

"साहेबांना कळलं तर?" मी विचारलं.

"तीन महिने दोन्ही चालवायचं ठरलं होतं. ते नाही चालवत म्हणून मी चालवून राहिले." मग माझ्याकडे न बघता, "तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा."

मी सांगितलं नाही. माझ्या खात्यात जमा करावी अशी ती एक गोष्ट.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका शनिवारी बाराच्या सुमाराला कारखान्यातून फोन आला. तो मीच घेतला. सलाइनच्या एका बॅचमध्ये बुरशी सापडली होती. सगळ्या बाटल्या ताबडतोब थांबवा, परत मागवा. मी नंबर लिहून घेतला. शून्य, चार, एक, सात.

नव्या मशीनवर नंबर टाकला. क्षणात रंगीत यादी आली. एकोणीस नावं. अभयसाहेब माझ्या मागेच उभे होते. "बघा, किती पटकन आली," ते म्हणाले, आणि खरंच बरं वाटल्यासारखे दिसले. आम्ही दोघीतिघी फोनवर बसलो. एक वाजता दुकानं बंद होणार, ती चारला उघडणार, म्हणून जिवाची घाई. चौथ्या की पाचव्या दुकानदाराने बाटली हातात घेऊन सांगितलं, "माझ्याकडे चारशे सतरा आहे. पुढे शून्यबिन्य काही नाही."

यादी चुकीची होती. ती दुसऱ्याच कारखान्याच्या मालाची होती. बुरशीवाल्या बाटल्या कुठे गेल्या ते आमच्या नव्या मशीनला ठाऊकच नव्हतं.

मी गोदामात फोन लावला. मॅडमना नंबर सांगितला. एवढंच म्हणाल्या, "यादी काढते. तुम्ही स्वतः या. फोनवर एवढी नावं उतरवून घेताना चुकाल."

मी रिक्षा शोधत बसले नाही, पळतच गेले. लाल महालापासून पुढे चालायलाही जागा नव्हती. पोचले तेव्हा प्रिंटर करकरत होता. एकतीस नावं, प्रत्येकापुढे किती बाटल्या, कोणत्या तारखेला, आणि फोन नंबर. गोदामात एक फोन होता, तो मॅडमनी आधीच हातात घेतला होता. नर्सिंग होम पहिल्यांदा, दुकानं नंतर, असा त्यांनी क्रम लावला. दुकानात बाटली फळीवर असते, नर्सिंग होममध्ये ती पेशंटजवळ असते. मी शेजारच्या तांबटाचा फोन मागून घेतला. हडपसरकडच्या एका लहान नर्सिंग होममधली सिस्टर मला "थांबा हं" म्हणाली आणि रिसीव्हर तसाच ठेवून गेली. पलीकडून चपलांचा आवाज, कोणाशी तरी बोलणं. मग ती परत आली. तिचा श्वास लागला होता.

"स्टँडला अडकवली होती," ती म्हणाली. "सुई लावायची बाकी होती. काढली."

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी यादीवर त्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढचा नंबर फिरवला. संध्याकाळपर्यंत एकतीसच्या एकतीस ठिकाणी निरोप गेला होता. बंद दुकानांच्या मालकांना आम्ही घरी फोन करून झोपेतून उठवलं. दुपारच्या झोपेतून उठवल्याबद्दल पुण्यात जे ऐकून घ्यावं लागतं, ते सगळं ऐकून घेतलं.

सोमवारी अभयसाहेबांनी मॅडमना बोलावलं. मी चहा द्यायचं निमित्त करून आत थांबले. साहेब खजील झाले होते, ते खोटं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही परत इथे या. विभागप्रमुख म्हणून. दसऱ्याला सगळ्यांसमोर तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ..."

"शाल नको. मेमो मागे घ्या. लेखी. आणि मी दिलेलं पत्र फाइलला लागलेलं नाही, ते लावा."

"अहो, झालं गेलं सोडून द्या. कागदोपत्री कशाला? आपण घरातली माणसं."

"घरातली असते तर तुम्ही माझं ऐकलं असतं. मी नोकर आहे, साहेब. नोकराचं जे असतं ते कागदावरच असतं."

"मेमो मागे घेतला तर माझी चूक होती असा अर्थ होतो."

"होतो," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी मेमो मागे घेतला नाही. मॅडमनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याआधी साळवींच्या माणसांना समोर बसवून शून्यांची दुरुस्ती कशी करायची ते चार पानांवर लिहून दिलं, कारण, त्या म्हणाल्या, बाटल्या उद्याही जायच्या आहेत. जोगळेकर जिन्यापर्यंत पोचवायला आले. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच कोणासाठी उठले होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. लहान हॉस्पिटलं, दवाखान्यांशेजारची औषधांची दुकानं, कोणी जुनं मशीन टाकून द्यायला निघालं की त्यावर त्या लिनक्स चढवून द्यायच्या. ते कसं चालतं ते मालकाला शिकवूनच बाहेर पडायच्या. "मला परत बोलवायला लागलं तर माझं काम वाईट," असं म्हणायच्या. आयटीची लाट आली, कर्वेनगरची पोरं हिंजवडीच्या बसने जायला लागली. मॅडम दुचाकीवरून हडपसर, भोर, सासवड करत राहिल्या. आमच्या कंपनीत युनिक्सची पेटी अखेर भंगारात गेली आणि नवा सर्व्हर, शून्यांसकट, पुष्कळ वर्षं नीट चालला. हेही सांगायला हवं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते मी निवृत्त झाल्यानंतर, औषध विक्रेत्यांच्या एका मेळाव्यात. भावाच्या मेडिकल दुकानात मी थोडं लक्ष घालायचे, म्हणून गेले होते. कर्वेनगरच्या एका कॉलेजचं सभागृह. स्टेजवर एक तरतरीत तरुण सांगत होता की आता दुकानात सर्व्हर ठेवायची गरज नाही, तुमच्या सगळ्या नोंदी आमच्याकडे, दूर कुठेतरी सुरक्षित राहतील, तुम्ही फक्त महिन्याचं शुल्क भरा. लोक माना डोलावत होते. तेवढ्यात पुढून तिसऱ्या रांगेत एक बाई उभी राहिली. केस पूर्ण पांढरे.

"एक विचारायचं आहे. उद्या तुमचं आणि माझं पटलं नाही, आणि मी शुल्क भरलं नाही, तर माझ्याच नोंदी मला बघता येतील का? कोणत्या पेशंटला कोणती बाटली गेली, ते?"

"मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ आपण. बसा ना."

"मी उभी आहे. तुमचं चालू द्या."

तो पुढे बोलायला लागला. पडद्यावरचं एक चित्र झालं, दुसरं झालं. मॅडम उभ्याच. मागच्यांना दिसेना म्हणून त्या दोन पावलं बाजूला सरकल्या, पण भिंतीला टेकल्या नाहीत. एक कार्यकर्ता येऊन कानात काहीतरी बोलला, त्यांनी मान हलवून नकार दिला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. लोक आता पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. तरुणाचं एक वाक्य अडखळलं, मग दुसरं. शेवटी त्याने हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

"मॅडम, तुमचा प्रश्न पुन्हा सांगता का?"

"सांगते," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "लिहून घ्या."